वाळूची पेटी

मंगळवारी संध्याकाळी तोर्नियो वाळूच्या पेटीत चौथ्यांदा बसला
आणि चौथ्यांदा काहीच न करता उठला.
वर परत वाळू ओढली, नीट बुजवली,
जसं काही झालंच आहे.
बोक्यांनाही अब्रू असते.

खालच्या घरातल्या एर्मिंदानं खिडकीतूनच निदान केलं:
पोट साफ नाही त्याचं, चमचाभर तेल पाज, सकाळी बघ.
तिचा हात सढळ, सल्ला त्याहून सढळ.
मी बाटलीचं बूच काढलंसुद्धा.

पण एकोणचाळीस वर्षं मी या बंदरात क्रेन चालवली.
ओझं तारेवर कसं लोंबतं
यावरून आत काय आहे ते कळायचं मला.
तोर्नियोची पाठ कमान झालेली,
शेपटीचं टोक थरथरत होतं,
आणि तो आवाज, भुकेचा नाही, भांडणाचा नाही,
गंजलेली कप्पी फिरेना झाली की येतो तसा.
शी तर सकाळीच झाली होती त्याची, मीच टाकली होती.
मी ओणवा झालो. गुडघे कुरकुरले.
वाळूत एक ओला ठिपका.
चण्याएवढा.
गुलाबी.

मी बूच परत लावलं.

हे मला ओळखता आलं, कारण
रात्री तीनतीनदा उठून मी भिंतीला कपाळ टेकून उभा असतो,
नळ जरासा सोडतो,
निदान त्या आवाजानं तरी यावी म्हणून.
कुणाला सांगितलेलं नाही.
तो मात्र दारात बसून बघायचा,
डोळे अर्धे मिटून,
पाणी कुठं मुरतंय ते माहीत असल्यासारखा.

टेकडीवरची दोरगाडी नऊला बंद होते.
पावाच्या टोपलीत टॉवेल, टॉवेलात तो,
आणि दोनशे चौदा पायऱ्या खाली.
उचलताना पोटाशी हात लागला:
आत एक लिंबू, कच्चं, कडक.
मी दाबलं नाही. भरलेलं पिंप कुणी दाबत नाही.
पत्र्याच्या निळ्या घरापाशी तो ओकला, माझ्या बाहीवर.
मग ओरडायचा थांबला.
ते थांबणं मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

यास्ना डॉक्टर उलटा स्वेटर घालून दार उघडायला आल्या.
“बोका?”
“बोका.”
“तेल वगैरे पाजलंत?”
“नाही.”
“बरं केलंत. बोक्यांची वाट बारीक असते, डॉन निबाल्दो.
वाळूच्या कणाएवढ्या खड्यानंही बंद होते.
हे सकाळपर्यंत थांबण्यासारखं नसतं.”

सुई. झोप. धाग्यासारखी नळी.
आणि मग स्टीलच्या भांड्यात
तांबूस, गढूळ, न थांबणारं
पाणी.
खरं सांगतो, त्या आवाजाचा मला हेवा वाटला.

“कधीपासून?” त्यांनी कागद पुढं ओढत विचारलं.
“कालपासून असेल, फार तर.”
आणि मग, का कोण जाणे, म्हणालो,
“मार्चपासून.”
पेन थांबलं.
“हा मार्चपासून?”
“नाही,” मी म्हणालो. “हा नाही.”

तीन दिवसांनी तो घरी आला, पाय मुंडलेला, रागावलेला.
आता घरात पाण्याच्या चार वाट्या आहेत,
एक तर माझ्या बुटांच्या शेजारी, तीच त्याला आवडते.
कोरडं खाणं एर्मिंदाच्या कोंबड्यांना गेलं.
पेट्या दोन. खडा पडलेला दिसला की मी वाकतो,
रंग बघतो, आकार बघतो,
पूर्वी मी हवामान असं बघायचो.

फ्रिजवर दोन कागद आहेत.
एकावर त्याच्या गोळ्यांच्या वेळा.
दुसऱ्यावर गुरुवार, सकाळी आठ, उपाशीपोटी यावे.

रात्री अंथरुणातून ऐकतो:
उकरणं.
शांतता.
ती जरा लांबली की मी उठून बसतो.
मग धार.
मग उकरणं, घाईघाईनं, अब्रूसाठी.

बरं बाबा, म्हणतो मी, आणि चपला शोधतो.
आता तू बस दारात.